पाऊस थांबल्यावर गळलेला तंबू

पाऊस साडेतीनच्या सुमारास थांबला आणि त्यानंतर छत गळायला लागलं. या प्रकरणाचं निम्मं उत्तर तेवढ्यात होतं, पण ओल्या पायमोज्यांनी, अंधारात, उत्तर शोधायची हौस कुणाला होती? आम्ही तिघं, म्हणजे मी, दादा आणि दादाची अकरा वर्षांची लेक, दाराजवळच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. एका गोष्टीवर तिघांचंही एकमत होतं: तंबू गळका आहे, परतल्यावर टाकून द्यायचा.

तंबू गळका नव्हता. अगदीच नव्हता असंही नाही. एका शिवणीतून पाणी येत होतं, पण ते जेमतेम दोन-तीन चमचे. सकाळी स्पंजने टिपून मगात पिळलेलं पाणी सव्वा लिटरच्या वर भरलं. ते सगळं दुसऱ्याच वाटांनी आत आलं होतं आणि त्यातल्या बऱ्याच वाटा आम्ही स्वतः उघडून दिल्या होत्या, त्याही उपाय म्हणून. दुसऱ्या रात्री तंबू तोच होता, माणसं तीच होती, पाऊस साधारण तेवढाच आणि वारा थोडा जास्त. तरी सकाळी अंथरुणं कोरडी. मधल्या दिवसात काय बदललं, त्याचं हे टिपण.

जागा आणि सामान

तंबू तिघांचा, घुमटाकार, एकमेकांना छेदणाऱ्या दोन पोलांवर उभा राहणारा. आतला तंबू बराचसा जाळीचा आणि त्यावर नायलॉनचा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं आवरण. फ्लायला आतून पॉलियुरेथेनचा लेप, शिवणींवर आतून चिकटवलेली पट्टी. तळाचं कापड जाड, कडा वीतभर वर वळलेल्या, परातीच्या काठासारख्या. लेबलवर फ्लायसाठी 2000 मिलिमीटर आणि तळासाठी 3000 मिलिमीटर असे आकडे. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते पाणी पलीकडे जाऊ देत नाही, त्याचं हे माप. अर्थात तंबू आठ वर्षांचा आणि आकडे तो नवा होता तेव्हाचे.

पोचलो तेव्हा उजेड संपायला वीसेक मिनिटं होती. तळ्याकडे उतरणाऱ्या गवताळ उतारावर एक सपाट, गोल जागा दिसली. दादा म्हणाला, "गवतसुद्धा आधीच दबलेलं आहे, आयती गादी." मलाही पटलं. गवत का दबलंय हे काही आम्ही विचारलं नाही. आमच्याआधी पुष्कळांनी तिथंच तंबू टाकले होते. माती ठोकल्यासारखी घट्ट झाली होती आणि मधला भाग कडेपेक्षा चार बोटं खाली बसला होता. झोपायला सपाट वाटणारी जागा म्हणजे बहुतेक वेळा उथळ बशी असते, आणि घट्ट मातीची बशी पाणी पीत नाही, धरून ठेवते.

दार तळ्याकडे केलं, देखाव्यासाठी. तंबूखाली प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला. तो तंबूपेक्षा सगळीकडून वीतभर मोठा होता आणि ते आम्हाला चांगलंच वाटलं, दारात चिखल होणार नाही म्हणून. मेखा मोजल्या तर दोन कमी. मग फ्लायच्या मागच्या कडेच्या दोन मेखा वगळल्या. तणावे, म्हणजे फ्लाय बाहेरून ताणून धरणाऱ्या दोऱ्या, गुंडाळलेलेच राहिले, कारण वारा नव्हता. झोपण्यापूर्वी दादाने बाहेर फेरी मारून फ्लायचे कोपऱ्यांचे पट्टे थोडे सैल केले. शाळेच्या शिबिरात त्याला शिकवलं होतं म्हणे: पाऊस येणार असेल तर दोऱ्या ढिल्या सोडायच्या.

शिकवणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. ते तंबू सुती कॅनव्हासचे होते आणि दोऱ्याही सुती. सुती दोरी भिजली की आखडते आणि ताणलेली ठेवली तर मेख उपटते किंवा कापड फाडते. नायलॉनचं उलटं आहे. ते पाणी शोषून लांबतं, सैलावतं. म्हणजे आधीच सैल केलेला आमचा फ्लाय भिजल्यावर आणखी लोंबणार होता.

रात्र

अकराला पाऊस आला. पाऊण तासाने वारा सुटला तो मागच्या बाजूने, जिथं मेखा नव्हत्या. फ्लायची मागची कड फडफडायला लागली आणि पायांवरून गार झोत वाहायला लागला. दादाने दोन कामं केली. वरचे दोन्ही झरोके बंद केले आणि आमच्या तीन पाठपिशव्या मागच्या भिंतीला लावून रचल्या, वारा अडावा म्हणून. झोत थोडा कमी झाला. आम्ही खूश.

सव्वाच्या सुमारास भाची म्हणाली, "आत्या, माझ्या पायाशी ओलं लागतंय." टॉर्च लावला तर तिच्या झोपायच्या पिशवीचा पायाकडचा भाग भिजलेला, आणि रचलेल्या पिशव्यांची मागची बाजूही. दोनपर्यंत तळाच्या मधोमध पाण्याचा चकाकणारा पट्टा दिसायला लागला. दादा टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसला आणि पुसायला लागला. तो पुसायचा, पिळायचा, पुन्हा पुसायचा. पाणी काही हटेना. "हे खालून उगवतंय की काय!" असं तो वैतागून म्हणाला. तो अक्षरशः बरोबर बोलत होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मग तो बाहेर गेला आणि डब्याच्या झाकणाने तंबूभोवती चर खणला. चर पाच मिनिटांत तुडुंब भरला आणि तसाच राहिला. चरातलं पाणी पुढं वाहून जायला खालची जागा लागते. बशीच्या आत खणलेला चर म्हणजे आणखी एक डबकं, शिवाय गवताची मुळं तुटतात आणि पुढच्या पावसात माती वाहते ते वेगळंच. वर वळलेल्या काठाचा तळ आल्यापासून चराची गरजही फारशी उरलेली नाही. सकाळी आम्ही तो पुन्हा बुजवून, गवताची ढेकळं जागच्या जागी दाबून बसवली.

साडेतीनला पाऊस थांबला. वाराही पडला, ढग फाटले, चांदण्या दिसल्या. "सुटलो," असं मी म्हटलं. आणि दहा-पंधरा मिनिटांनी भाचीच्या कपाळावर वरून थेंब पडला. मग माझ्या मानेवर. रात्रभर धो-धो पावसात कोरडं राहिलेलं छत आता ठिबकत होतं.

सकाळची तपासणी

सामान बाहेर काढण्याआधी मी हट्टाने अर्धा तास मागितला. ओल्या गोष्टी हलवल्या की पुरावा जातो. भाचीला हे पोलिसी काम फार आवडलं.

छतापासून सुरुवात केली. फ्लाय उचलून आतली बाजू पाहिली तर बारीक थेंब सगळीकडे सारखे पसरलेले: शिवणीजवळ तेवढेच, सलग कापडावर तेवढेच, झरोक्याच्या टोपणाखालीही. गळतीचे थेंब असे नसतात. गळती शिवणीला किंवा भोकाला धरून येते आणि तिथून खाली एकच ओघळ काढते. हे आमच्याच श्वासाचं पाणी होतं.

हिशेब सोपा आहे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत जातं. तिघांचं पाऊण लिटर. तंबूत हवा सुमारे 4 घनमीटर. 15 अंश सेल्सियसला 1 घनमीटर हवेत जास्तीत जास्त 13 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, म्हणजे आमच्या सगळ्या तंबूत मिळून 50 ग्रॅम. उरलेल्या 700 ग्रॅमनी काय करायचं? झरोके उघडे असतील तर बरीचशी बाहेर जाते. आम्ही झरोके बंद केले होते, आणि त्यात तळ्याकाठची आधीच दमट हवा, ओले कपडे, तळावरचं पाणी.

पण मग पाऊस पडत असताना थेंब का नाही पडले? पडत असतील थोडे, लक्षात आले नाहीत. खरी बाब पुढची. ढगाळ आकाशाखाली कापड साधारण हवेइतकंच गार राहतं. ढग गेले की ते मोकळ्या आकाशाकडे उष्णता फेकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. उघड्यावरच्या गवतावर दंव पडतं ते याच कारणाने. त्यात वारा पडला, म्हणजे फटींमधून जी काही हवा खेळत होती तीही थांबली. गार छत, कोंडलेली वाफ. आणि कापड इतकं सैल की थेंबांना आतल्या बाजूने कडेपर्यंत ओघळून जायला उतारच नव्हता. मधल्या झोळात ते जमत, मोठे होत आणि जाळीतून आमच्यावर पडत. पाऊस थांबल्यावर छत गळलं, याचं कारण पावसाचा त्या पाण्याशी संबंधच नव्हता.

आता पायाकडची ओल. मागच्या भिंतीला फ्लाय जाळीला चिकटलेला होता आणि जिथं चिकटला होता नेमकं तिथंच सामान ओलं. दुहेरी तंबूची सगळी मदार दोन कापडांमधल्या रिकाम्या जागेवर असते. फ्लायच्या आतल्या बाजूला दमटपणा असणारच, हे गृहीत धरूनच आतला तंबू वेगळा ठेवलेला असतो. दोन्ही टेकले की पाणी सरळ आत येतं, जसं टीपकागदावर. आमच्याकडे फ्लाय सैल, मागची कड मेखेशिवाय, त्यात वाऱ्याचा रेटा बाहेरून आणि पिशव्यांचा रेटा आतून. वारा अडवायला लावलेल्या पिशव्यांनीच भिंत बाहेर ढकलली होती. सुती कॅनव्हासच्या तंबूत छताला आतून बोट लावू नये असं सांगतात. तिथं कारण वेगळं, फुगलेल्या धाग्यांमधून पाण्याला वाट मिळते. पण नियम दोन्हीकडे तोच निघतो.

सर्वांत जास्त पाणी तळावर होतं, आणि त्यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. तंबूचा एक कोपरा उचलून खाली पाहिलं. प्लास्टिकचा कागद आणि तंबूचा तळ यांच्यामध्ये तळंच साचलेलं. जमिनीतून वर आलेलं नव्हे. कागद अखंड होता, त्याच्या खालची माती तर जवळपास कोरडी. पाणी वरून आलं होतं. फ्लायच्या कडेवरून ज्या पागोळ्या पडतात त्या जमिनीवर पडायला हव्यात. आमच्या पडत होत्या बाहेर आलेल्या कागदावर, आणि कागद बशीच्या आकाराने आत उतरत होता. 5 चौरस मीटरच्या फ्लायवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी 50 लिटर पाणी कडेवरून ओघळतं. त्यातलं थोडंसं जरी आत वळलं तरी तंबू पन्हळीत उभा केल्यासारखा होतो. ओल येऊ नये म्हणून अंथरलेला कागद ओलीची पन्हळ झाला होता.

तरीही तळाचं कापड शाबूत होतं. मग पाणी आत कसं? याचं उत्तर दादाच्या गुडघ्यांत सापडलं. मी तळावर पालथी झोपून गालाने चाचपलं तेव्हा काही होत नव्हतं; गुडघा टेकला की टेकल्या जागी कापड काळसर होऊन पाझरत होतं. 3000 मिलिमीटरचा अर्थ, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 300 ग्रॅम दाबापर्यंत कापड टिकतं. आडवा पडलेला माणूस इतका पसरलेला असतो की हा दाब बहुतेक ठिकाणी जवळपासही जात नाही. पण 80 किलोचा माणूस दोन गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही गुडघ्यांखालची जागा मिळून 150 चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब होतो 530 ग्रॅम. म्हणजे 5300 मिलिमीटरच्या स्तंभाएवढा. नवा तळही तिथं हरला असता, हा तर आठ वर्षांचा. दादा पाणी पुसत नव्हता, गुडघ्यांनी उपसून आत आणत होता. हे सांगितल्यावर तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

खाली पाणी साचलेलं नसतं तर गुडघे टेकूनही काही बिघडलं नसतं, कारण दाबायला पाणीच नसतं. म्हणून तळाची चूक गुडघ्यांची नव्हे, कागदाची आणि जागेची.

झोताचा तपास भाचीने केला. वारा पुन्हा थोडा सुटला होता, तेव्हा तिने कागदी रुमालाची बारीक पट्टी फाडली आणि दोऱ्याला बांधून तंबूत जागोजागी धरली. मागच्या भिंतीपाशी, परातीच्या काठाच्या जरा वर, पट्टी जवळजवळ आडवी उडायची. डोक्याच्या उंचीला ती हलतही नव्हती. म्हणजे वारा फक्त फ्लायच्या मोकळ्या कडेखालून घुसत होता आणि जाळीतून आत येत होता. वरच्या झरोक्यांचा त्यात काही हात नव्हता. ते बंद करून आम्ही वारा अडवला नाही, फक्त वाफ कोंडली. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. दादाला पाठीला लागणारा "वारा" वारा नव्हताच. त्याच्या हवेच्या चटईतली निम्मी हवा गेली होती आणि थंडी जमिनीतून येत होती. असा गारवा भिंती कितीही बंद केल्या तरी जात नाही.

शिवणीचं थोडक्यात. भाचीच्या उशीच्या बरोबर वर फ्लायच्या एका शिवणीची पट्टी बोटभर सुटली होती आणि तिथं खरोखरचा एक ओघळ होता. सगळ्या रात्रीतली तेवढीच काय ती गळती.

दुसरी रात्र

आभाळ दुपारीच पुन्हा भरलं, त्यामुळे आम्हाला वेळ होता तो चार-पाच तासांचा. तंबू पंधरा-वीस पावलं वर नेला, जिथं उताराला किंचित फुगवटा होता. जागा निवडताना दादाने बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून ते कुठं जातं ते पाहिलं. मला ही युक्ती सुचली नव्हती. पाणी एका बाजूला निघून गेलं आणि मातीतही मुरलं. थोडा उतार राहिला तो डोकी वरच्या बाजूला ठेवून निभावला. भाचीने एका एकट्या मोठ्या झाडाचा आडोसा सुचवला होता. तो नाकारला: पाऊस थांबल्यावरही झाड तासभर टिपकत राहतं, वाळकी फांदी वाऱ्यात खाली येऊ शकते आणि वीज कडाडत असेल तर एकट्या झाडाखाली असणं सर्वांत वाईट. दाट झाडी असती तर विचार केला असता, कारण झाडीखाली दंव कमी धरतं.

वारा वरून, डोंगराकडून येत होता. तंबूची अरुंद आणि उतरती बाजू तिकडे केली, दार वाऱ्याच्या पाठीला. देखावा थोडा तिरका दिसला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी 36 किलोमीटरला दर चौरस मीटरवर सुमारे 6 किलो, ताशी 72 किलोमीटरला 24 किलो. रुंद बाजू दिली तर तेवढा सगळा भार फ्लाय आतल्या भिंतीवर दाबण्यात खर्ची पडतो.

प्लास्टिकचा कागद कापायला जीव होत नव्हता, म्हणून कडा खाली दुमडून घेतल्या. दुमडायच्या त्या जमिनीकडे. वर दुमडल्या तर खिसा तयार होऊन पाणी त्यात बसतं. तळाच्या कडेपासून कागद चार बोटं आत राहिला. तंबूभोवती फिरून कुठूनही कागद दिसत नाही, एवढीच त्याची परीक्षा.

मग ताण. फ्लायला आतून छोट्या चिकटपट्ट्या असतात, त्या पोलांभोवती लावायच्या असतात. आठ वर्षांत आम्ही त्या एकदाही लावल्या नव्हत्या. मला वाटायचं त्या फ्लाय उडू नये म्हणून आहेत. खरं काम असं की बाहेरच्या तणाव्याची ओढ त्यांच्यातून पोलावर जाते. त्या सुट्या असतील तर तणावा नुसतं कापड ओढतो आणि पोल वाऱ्यात हवा तसा वाकतो. पट्ट्या लावल्या, सगळे तणावे सोडले, प्रत्येक तणावा ज्या शिवणीवर बांधलेला तिच्याच रेषेत पुढे नेला. मागच्या भिंतीच्या मध्यावरचा तणावा सर्वांत महत्त्वाचा निघाला: तो ओढला आणि फ्लाय आतल्या भिंतीपासून हातभर दूर गेला. आदल्या रात्री तेवढं एक केलं असतं तरी भाचीची पिशवी वाचली असती.

मेखांचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवायचं, म्हणजे मेख आणि दोरी यांच्यात साधारण काटकोन होतो. आमच्या मेखा बारीक सळईच्या, भिजलेल्या मातीत त्या लोण्यातल्या सुरीसारख्या सरकत होत्या. वाऱ्याकडच्या दोन महत्त्वाच्या जागी मेखेऐवजी हातभर लांबीची जाड काठी घेतली, दोरी तिच्या मध्याला बांधली, दोरीच्या ओढीला आडवी अशी वीतभर खोल पुरली आणि माती पायाने दाबली. ती रात्रभर हलली नाही. त्यातून ज्या दोन मेखा वाचल्या त्या फ्लायच्या मागच्या कडेला लावल्या. कड जमिनीपासून तीन बोटांवर आणली. टेकवली मात्र नाही. खालून थोडी हवा आत आणि वरच्या झरोक्यातून बाहेर, हा प्रवास चालू राहायला हवा होता.

झरोके दोन्ही उघडे. यावर दादाशी चांगलाच वाद झाला. "पाऊस येईल आत." त्याला टोपणं दाखवली. "वारा येईल." भाचीने पट्टीचा दोरा पुढं केला. ओले कपडे आणि बूट दारापुढच्या ओसरीत, पिशव्या मधे, भिंतीला काहीही टेकवायचं नाही. दादाच्या चटईत हवा भरली आणि खाली कोरडे कपडे पसरले.

साडेदहाला पाऊस सुरू झाला. वीस मिनिटांनी फ्लाय पूर्ण भिजल्यावर मी बाहेर जाऊन सगळे पट्टे आणि तणावे पुन्हा आवळले. जवळजवळ दोन-दोन बोटं दोरी निघाली. हे काम आधी कितीही नीट केलं तरी होत नाही, कारण नायलॉन भिजल्याशिवाय सैलावतच नाही. सरकगाठ असेल तर एका तणाव्याला दहा सेकंद लागतात, निरगाठ मारली असेल तर बोटं गारठून जातात. आमच्या दोन निरगाठी होत्या.

रात्री दोन वाजता जोराचा वारा आला. फ्लाय थरथरला, पण फडफडला नाही. फडफड आणि कंप यांतला फरक कानालाच कळतो. भाची झोपूनच होती.

सकाळी तळ कोरडा. फ्लायच्या आत थेंब होते, नव्हते असं नाही, पण ताणलेल्या कापडावरून ओघळून कडेला उतरत होते. मला सर्वांत नवल वाटलं ते त्या सुटलेल्या शिवणीचं. तिला आम्ही हातही लावला नव्हता. ओलं असताना काही चिकटलंही नसतं. तिच्यातून पाणी येतच होतं, पण आता ते फ्लायच्या आतल्या अंगाने घरंगळत खाली जात होतं. उशी कोरडी.

एक जागा तेवढी फसली. आमच्या तंबूचं दार तिरकं आहे, वरची कड आत झुकलेली. भाची पहाटे बाहेर गेली तेव्हा चेन उघडताच फ्लायवरचं पाणी थेट आतल्या तंबूच्या उंबऱ्यावर पडलं. चेन वरून अर्धवट न उघडता खालून थोडी उघडून सरपटत जावं, एवढाच उपाय सापडला आहे आणि तो कुणाला आवडलेला नाही.

परतल्यावर

तंबू वाळवून शिवणीची सुटलेली पट्टी सोलून काढली, जागा स्पिरिटने पुसली आणि पॉलियुरेथेनचं सीलंट लावून रात्रभर सुकू दिलं. लेप सिलिकॉनचा असता तर हे सीलंट धरलं नसतं, त्याला सिलिकॉनचंच लागतं. घेण्याआधी तेवढं पाहावं. लेप काही ठिकाणी चिकट लागतो आणि त्याला आंबूस वास येतो. पॉलियुरेथेन ओलाव्याने कुजायला लागल्याची ही खूण. ओला तंबू आठवडाभर पिशवीत ठेवायची आमची जुनी सवय याच्या मुळाशी आहे. फार तर आणखी दोन-तीन वर्षं.

मग तंबू उभा करून दहा मिनिटं पाइपने पाणी मारलं. भाची आत बसून खडूने खुणा करत होती. दुरुस्त केलेली शिवण कोरडी राहिली. एक थेंब मात्र आला तो कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागेतून: ओसरीवरच्या तणाव्याचा फासा फ्लायला ज्या टाक्यांनी शिवला आहे, त्यांच्या सुईच्या भोकांतून. पहिल्या रात्री तणावाच लावला नव्हता, त्यामुळे ती भोकं ताणलीच गेली नव्हती. थेंब ओसरीत पडतो, बूट ठेवतो तिथं. सीलंट उरलं नव्हतं, म्हणून बूट डावीकडे सरकवायचे असं ठरलं.